गुहेत उतरणारी माणसं पाहिजेत

२ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. तब्येत ठीक आहे, पैसे नकोत आणि लग्नाचा विषय तू काढल्याशिवाय मी काढणार नाही. इथे फोन लागायला दीड तास डोंगर उतरावा लागतो, आणि लागला की ऐकू येत नाही एवढंच ऐकू येतं. म्हणून पत्र.

चुनखडीच्या या डोंगरावर दगडाची खाण होणार आहे आणि तिची हद्द आखायला मला पाठवलंय. परवा एकशे बारावी खुंटी ठोकत होतो. ती हातातून सुटली आणि जमिनीत गेली. ठोकली म्हणून नाही, नुसतीच गेली! खाली आपटत आपटत जाताना तिचा आवाज किती तरी वेळ येत होता. झुडूप बाजूला केलं तर माणूस आडवा होऊन शिरेल एवढं भोक. आतून गार वारा येतो, ओल्या मातीच्या वासाचा.

डोंगराच्या मधल्या टप्प्यावर, भोकाच्या खालच्या अंगाला एक झरा आहे. चाळीस घरं त्याच्यावर जगतात, त्यातल्याच एका घरात मी खोली घेतली आहे. आत पाणी वाहत असेल आणि तेच झऱ्यात येत असेल, तर पंधरा डिसेंबरला पहिला सुरुंग उडाला की झरा संपला. मी साहेबांना लेखी कळवलं. साहेब म्हणाले, शंका रास्त आहे, पण माझं खातं जमिनीच्या वरचं. जमिनीखालचं काही म्हणायचं असेल तर अनुभवी गुहा-शोधकांचा अहवाल हवा, नकाशासह, दोन सह्यांचा, पंधरा डिसेंबरच्या आत. आला तर हद्द सरकेल. नाही आला तर सुरुंग.

पाच वर्षांपूर्वी मी आखलेल्या रस्त्याच्या कडेची विहीर आटली होती, ते तुला माहीत आहे. माझं माप बोटभरही चुकलं नव्हतं. तेच अजून टोचतं.

तू तीस वर्षं ऑफिसची आवक-जावक सांभाळलीस. तुला सापडला नाही असा पत्ता नाही. मला गुहेत उतरण्याचा अनुभव असलेली दोन माणसं शोधून दे. फार कठीण नसावं.

दाजींना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर हरकत नाही.

तुझा,
फूटपट्टी


१३ सप्टेंबर

चि. फूटपट्टीस,
अ. आ.

फार कठीण नसावं, असं तू लिहिलंस. ते वाक्य मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला, म्हणजे बघ.

शहरात गुहा-शोधकांचं एक मंडळ आहे. अध्यक्ष दाताचे डॉक्टर. मंडळाची कचेरी दवाखान्याच्या मागच्या खोलीत, भिंतभर फोटो. प्रत्येक फोटोत पंधरावीस माणसं गुहेच्या तोंडाशी हसत उभी. मी विचारलं, आतला एखादा फोटो नाही का? तर म्हणाले, आत अंधार असतो. कोपऱ्यात शिरस्त्राणांची रांग मांडलेली, इतकी चकचकीत की एकात बघून मी केस सारखे केले.

बावन्न सभासद आहेत, वार्षिक जेवणाला एक्कावन्न येतात. बावन्नावा कोण, तोच कदाचित आपल्या कामाचा, म्हणून मी चौकशी केली. तो वारला आहे, नाव काढायचं राहिलंय.

मला चार पानी अर्ज दिला. सातव्या कलमात गुहेची लांबी. नवव्यात गुहेचा नकाशा जोडावा. मी म्हटलं, अहो, नकाशा करायलाच तर माणसं हवीत. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, नकाशा नसेल तर आमचे सभासद आत जाऊन जाणार कुठे? शिवाय विमा आहे. निघताना माझ्या दाढेकडे नजर टाकून म्हणाले की तिथे मात्र लगेच उतरता येईल.

मग एक वाटाड्या भेटला, बावीस वर्षांच्या अनुभवाचा. त्याच्या गुहेत कठडे, पायऱ्या आणि विजेचे दिवे. तुझ्या भोकाबद्दल सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दिव्यांचं बटण कुठल्या बाजूला आहे?

अर्ज सोबत पाठवते. भर आणि परत पाठव. सातव्या कलमात काहीतरी आकडा घाल. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून हे वाक्य दोनदा लिहिते. सातव्या कलमात काहीतरी आकडा घाल.

वेळच्या वेळी जेव. आमचा जीव तुझ्यात असतो, एवढं ध्यानात असू दे.

ताई


२६ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अर्ज भरून थेट मंडळाला पाठवला होता. सातव्या कलमात मोजलेली नाही असं लिहिलं. मी न मोजलेला आकडा आयुष्यात कागदावर घातलेला नाही, तो दातवाल्यासाठी घालू? चार ओळींचं उत्तर आलं. न मोजलेल्या गुहांचा मंडळाच्या उद्दिष्टांत समावेश होत नाही, पुढील कार्यास शुभेच्छा.

दुसरं ऐक. साहेबांनी सुचवलं म्हणून एका प्राध्यापकांना लिहिलं. भूगर्भ हा त्यांचा विषय, तीन जाड पुस्तकं नावावर. त्यांनी कळवलं की या डोंगराच्या थरांची रचना बघता इथे गुहा असणं शास्त्रीयदृष्ट्या संभवत नाही. मी ते पत्र भोकाच्या तोंडाशी बसून वाचलं. आतल्या वाऱ्याने कागद इतका फडफडत होता की दोन्ही हातांनी धरावा लागला.

ऐंशी दिवस उरलेत. घरमालकीण रोज विचारते, काय हो, झालं का भोकाचं? ही बाई पहाटे झऱ्यावरून माझ्यासाठीही एक घागर आणते, पैसे घेत नाही. तिला काय सांगू, अर्जाला चार पानं आहेत म्हणून?

रागावू नकोस, पण परवा कमरेला दोर बांधून मी थोडा आत जाऊन आलो. बावीस मीटर चाळीस सेंटिमीटर. तिथून पुढे सरळ खाली जाणारी विहीर आहे. दगड टाकला, पाण्यात पडला. आत पाणी आहे, ताई! मी कानांनी ऐकलं. पण माझे कान साहेबांना चालत नाहीत.

तुझ्या भरवशावर बसलोय, तो ढळू देऊ नकोस.

फूटपट्टी


८ ऑक्टोबर

गाढवा,

आशीर्वाद पुढच्या पत्रात. दोराचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं? झुडपाला बांधलं होतंस ना? मी ओळखून आहे तुला. पुन्हा एकटा आत गेलास तर मी तिथे येईन, आणि मी आले की मग तुला भोकात शिरायला स्वतःहूनच आवडेल.

आता काम. मी विचार केला, जी माणसं खरोखर आत उतरतात त्यांना दोर लागत असणार. म्हणून बाजारातल्या दोरवाल्याकडे गेले. सबंध हयातीत त्याने दोनच गिऱ्हाइकं अशी पाहिली, जी विकत घेण्याआधी दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपतात. शंभर मीटर असला तर शंभर मीटर. दोघी बायका, नणंद आणि भावजय. नणंद त्रेसष्टची, तंबू आणि पाठपिशव्या शिवते. भावजय एकसष्टची, दवाखान्यात एक्स-रे काढायची, आता निवृत्त. दोघींनी मिळून एकसष्ट गुहांचे नकाशे केलेत, त्यातल्या निम्म्यांत आधी कुणी गेलेलंच नव्हतं. मंडळाने त्यांना सभासद करून घेतलं नाही, कारण त्यांनी अर्जाला ओळखीच्या दोन सभासदांच्या शिफारशी जोडल्या नव्हत्या.

मी रस्त्यात नाचायचीच बाकी होते. मग कळलं की नऊ वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

कारण ऐक. त्यांची पद्धत अशी, की दोराची गाठ एकीने मारायची आणि दुसरीने बोटांनी तपासायची. बरोबर असेल तर ठीक म्हणायचं. चुकली असेल तर तोंडाने सांगायचं, आणि जिने मारली तिनेच सोडून पुन्हा मारायची. दुसरीने हात लावायचा नाही. नऊ वर्षांपूर्वी एका गुहेत, चार पाहुण्यांच्या देखत, भावजयीने नणंदेची गाठ तपासली, अवाक्षर न बोलता सोडली आणि स्वतः पुन्हा मारली. झालं! नणंद म्हणते, माझी गाठ चुकलीच नव्हती, वहिनीने मला चारचौघांत नापास केलं. भावजय म्हणते, वन्संना काय वाटायचं ते वाटू दे, मी काही सांगणार नाही. मधल्या मधे भावजयीचा नवरा, म्हणजे नणंदेचा भाऊ. तो घड्याळं दुरुस्त करतो आणि नऊ वर्षं दोन्ही घरांत निरोप पोचवतो.

मी चार खेपा घातल्या. नणंद म्हणाली, वहिनीने आधी चूक कबूल करावी. भावजय म्हणाली, कबूल करण्यासारखं काही नाही. तिसऱ्या कुणाबरोबर जाल का, तर दोघींचं एकच उत्तर: दुसऱ्या कुणाच्या गाठीवर मी लटकणार नाही. माणसं अनुभवी आहेत, वारा, दगड, पाणी सगळ्यांशी बोलतात. एकमेकींचं तेवढं राहिलंय.

मी बघते काय करायचं ते. तू मधे पडू नकोस.

तुझीच (नाइलाजाने),
ताई


१८ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय, सामानाची गाडी निघतेय. मधे पडलो. दोघींना मी स्वतःच पत्र टाकलंय. सरळ आणि स्वच्छ लिहिलं, सगळी हकिगत आणि मोजमापं दिली. साहेबांच्या नमुन्यात पथकप्रमुख म्हणून एकच नाव लागतं, म्हणून शेवटी लिहिलं की दोघींपैकी ज्या अधिक अनुभवी असतील त्यांनी यावं, म्हणजे दुसऱ्यांना तसदी पडणार नाही, दुसऱ्या सहीचं मी बघेन. मजकूर एकच, वर फक्त नाव वेगळं. कुणालाही राग येण्यासारखं त्यात काही नाही.

तुला सगळं कळवतो, त्याची आठवण ठेवून सांभाळून घे.

फूटपट्टी


३० ऑक्टोबर

चि. फूटपट्टीस,
अ. आ. (ह्यांनी लिहायला लावले.)

कुणालाही राग येण्यासारखं काही नाही! अरे, नणंद-भावजयींना एकच पत्र, आणि त्यात अधिक अनुभवी कोण हा प्रश्न? तू जमिनी मोजतोस म्हणून ठीक आहे. तू माणसांच्या खात्यात असतास तर देशात एक घर धड राहिलं नसतं.

मंगळवारी घड्याळवाला माझ्याकडे आला आणि खुर्चीत बसून राहिला. सकाळी बहिणीने पत्र दाखवून विचारलं, या मोजणीदाराला उत्तर तूच सांग, अधिक अनुभवी कोण? दुपारी बायकोने तेच पत्र दाखवून तेच विचारलं. तो दोन्हीकडे म्हणाला की दुकान उघडायची वेळ झाली.

मी मनात म्हटलं, गेलं सगळं. दोन महिन्यांच्या खेपा, चपला झिजल्या, दाढ ठणकायला लागली ती वेगळीच. ह्यांना म्हटलं, माझ्या भावाने एका वाक्यात नऊ वर्षांची अठरा करून दाखवली.

तर आज घड्याळवाला पुन्हा आला. दोघी निघाल्यात. एकमेकींना न सांगता, दोन वेगळ्या गाड्यांनी. दोघींच्या पाठीवर शंभर शंभर मीटर दोर. जिचं तिचं म्हणणं, मी नाही गेले तर ती जाईल आणि अधिक अनुभवी ठरेल.

आता त्या तुझ्या गळ्यात. मी हात धुतले. काय होतं ते मात्र उलट टपाली कळव.

राग ओसरला की पुन्हा माया करीन, तोवर आहे त्यावर भागव.

ताई


२१ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मधे पावसाने आणि गाडीने दोघांनी दगा दिला, म्हणून उशीर.

दोघी एकाच दिवशी पोचल्या. नणंदबाईंनी पिशवी उतरवायच्या आधी विचारलं, तुम्हाला अधिक अनुभवी कोण वाटतं? मी म्हणालो, मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. दोघींना सारखाच राग आला, म्हणजे सुरुवात बरी झाली.

मग पाऊस. भोकात पाणी शिरत असताना आत जायचं नसतं, यावर दोघींचं न बोलता एकमत. अकरा दिवस एका खोलीत तिघं. भावजय माझ्याकडे बघून म्हणणार, त्यांना सांगा खिडकी लावा. त्या हातभर अंतरावर बसलेल्या. मी सांगायचं. त्या माझ्याकडे बघून म्हणणार, त्यांना सांगा वारा हवा. मला घड्याळवाल्याला मिठी मारावीशी वाटली.

सहा दिवसांपूर्वी आत गेलो. त्या दोघी आत सरपटतात कशा ते तू बघायला हवं होतंस! मी बावीस मीटर घासत गेलो, त्या दाराच्या पडद्याआड जाव्यात तशा गेल्या. विहिरीच्या काठावर नणंदबाईंनी दोन खडकांना दोर बांधला. भावजयबाई तपासायला बसल्या. हातमोजा काढला, गाठीवर बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. कितीतरी वेळ. खालून पाण्याचा आवाज येत होता. मग त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाल्या, वन्सं, सैल आहे. नऊ वर्षांनी थेट बोललेला पहिला शब्द.

नणंदबाईंनी गाठ सोडली, पुन्हा मारली. पुन्हा सैल. तिसऱ्यांदा त्यांनी हातमोजा काढून बोटं दिव्यापुढे धरली. म्हणाल्या, मला आता कळतच नाही ग.

बोटांतली जाणीव गेली आहे, ताई. तेव्हाच जायला लागली होती. भावजयीला त्या दिवशी गाठीवरूनच ते समजलं, आणि चार पाहुण्यांसमोर बोलून दाखवणं जिवावर आलं, म्हणून तिने गुपचूप बदलली. नऊ वर्षं शिव्या खाल्ल्या, सांगितलं नाही. बाहेर आल्यावर नणंदबाई ते ऐकून इतक्या भडकल्या की मला वाटलं, जुळलेलं पुन्हा मोडलं. म्हणाल्या, चारचौघांत सांगितलं असतंस तर त्या दिवशी रडले असते, संपलं असतं. दोघी तास-दीड तास भांडल्या, मला मधे न घेता.

आता अडलंय असं. खाली भावजय उतरणार, पण एकटीने उतरायचं नसतं. नणंदबाई काठावर बसून डोळ्यांनी गाठ बघणार. चाचपायला आणि बरोबर उतरायला तिसरं माणूस हवं. चोवीस दिवसांत दुसरा अनुभवी माणूस कुठून आणायचा? तेव्हा मीच. बोटं माझी, अनुभव त्यांचा. पाच दिवस मला गाठी मारायला लावताहेत. कालपर्यंत नापास होतो.

पण त्यांचा एक नियम आहे. घरच्या माणसाच्या हातचं पत्र आल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही. कुठे जातोय आणि कधी परत येणार हे घरी माहीत आहे, आणि घरची संमती आहे, असं. त्या दोघींचं घड्याळवाल्याने एकाच कागदावर लिहून टपालाने पाठवलंय. माझं घर म्हणजे तू. मी एकटा आत गेलो होतो हे ऐकून त्यांनी तुझ्यापेक्षा जास्त झाडलं.

नाही म्हणालीस तर नाही. पण सहा डिसेंबरला सकाळी आठला उतरून सायंकाळी पाचपर्यंत वर यायचं ठरलंय, तेव्हा चार तारखेच्या गाडीने उत्तर यायला हवं.

फूटपट्टी


२९ नोव्हेंबर

चि. भावास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. ह्यांनी स्वतः चहा केला आणि साखर विसरले.

नाही म्हणायचं ठरवलं होतं. कागद घेतला, नाही असं लिहिलं, आणि ते बघत बसले. आई गेल्यापासून तुझ्या शाळेच्या सहलीच्या चिठ्ठ्या मीच लिहायचे. एकदा नदी होती म्हणून दिली नाही. तू दिवसभर अंगणात काठी घेऊन अंगणच मोजत बसलास आणि रात्री येऊन मला त्याची लांबी-रुंदी सांगितलीस. भांडला असतास तर बरं झालं असतं.

पुढचा मजकूर त्या दोघींना वाचून दाखव.

माझा धाकटा भाऊ, वय एकेचाळीस, डोकं चांगलं, अक्कल कमी, हा आपल्या दोघींबरोबर सहा डिसेंबरला सकाळी आठला डोंगरातल्या गुहेत उतरणार आहे आणि सायंकाळी पाचपर्यंत वर येणार आहे, हे मला ठाऊक आहे. माझी संमती आहे. त्याच्या गाठीत खोट निघाली तर चारचौघांत सांगावी, त्याला लाज वाटली तरी चालेल. भीती वाटली तर तो वाटली म्हणणार नाही, आकडे सांगायला लागेल. तेव्हा त्याला वर आणावं.

पाच वाजता मी तुमच्या डोंगराच्या पायथ्यावरून फोन येण्याची वाट बघणार नाही, कारण मला तो फोन माहीत आहे. पण घरात पाच वाजता मी उभीच असेन.

ताई


१३ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तार मिळाली असेलच. आम्ही तीन वाजून दहा मिनिटांनी वर आलो होतो, पण नणंदबाई म्हणाल्या, पाच म्हणजे पाच, ती बाई उभी असेल, आधी निरोप पाठव. त्या स्वतः दीड तास उतरल्या.

विहीर एकोणतीस मीटर. खाली पाण्याचा प्रवाह, त्याच्या कडेने चारशे सहा मीटर गेलो, पुढे छत पाण्याला टेकलंय. मी सातव्या खेपेला पास झालो. भीती वाटली होती. छताची उंची सांगायला लागलो, तेव्हा भावजयबाईंनी खांद्यावर हात ठेवला.

पाणी झऱ्याचंच, हे सिद्ध करायला तिथे हिरवा रंग सोडला. बाधत नाही असा असतो. वस्तीत आधीच पाटी लावली होती की झऱ्याचं पाणी हिरवं होईल. केव्हा, ते लोकांनी विचारलं. मी लिहिलं, आत्ता सांगता येत नाही. घरमालकीण म्हणाली, अंदाज तरी सांगा. मी म्हणालो, अंदाज मी करत नाही.

साहेबांनी अहवाल बघून अनुभवाचा दाखला मागितला. दोघी त्यांच्या टेबलासमोर खुर्च्या ओढून बसल्या आणि नकाशातल्या एका वळणावरून एकमेकींशी भांडायला लागल्या. पाऊण तासाने साहेबांनी शिक्का मारला. हद्द दुसऱ्या उताराला सरकली. परवाचा सुरुंग तिकडे उडेल, झऱ्याला धक्का नाही.

पण मला वस्तीत तोंड दाखवायला जागा नाही. रंग एकोणीस तासांनी आला, भर सकाळी, चाळीस घरांची धुणी चालू असताना. चादरी हिरव्या, शाळेचे गणवेश हिरवे, घरमालकिणीच्या नवऱ्याचा एकुलता पांढरा सदरा हिरवा. झरा वाचल्याचं मी दारोदार सांगतोय, कुणी ऐकून घेत नाही. बायका बादल्या घेऊन माझ्या खोलीपुढे उभ्या आहेत आणि एकच विचारताहेत, रंग कधी जाणार? खोलीच्या मागच्या दाराने मी झऱ्यावर जाऊन आलो. पाणी वाहतंय, ताई, धो धो, हिरवंगार. परत आल्यावर बायकांना सांगितलं, अंदाजे चार दिवस.

दाजींना नमस्कार. उभी राहिलीस, आता बस. आणि मनात जागा आहे तिथेच राहू दे.

तुझा,
फूटपट्टी